वीस दिवसांनंतरचा धक्का

२०१८च्या नोव्हेंबरपासून आमच्या तलासरीत भूकंपाचे धक्के बसू लागले. प्रत्येक धक्क्यानंतर पुण्याहून मुलाचा, नविनचा फोन यायचा, "बाबा, घराबाहेर आलात ना? जेवलात का?"

मग सलग वीस दिवस जमीन हलली नाही. शेजारच्या वासंतीबाई म्हणाल्या, "सुटलो एकदाचे, मास्तर. आता तरी घरात झोपा." मी मान डोलावली. नविनचा फोनही वीस दिवस आला नव्हता.

शेवटी एक खोटं वाक्य वहीत लिहिलं, दोनदा खोडलं, पुन्हा लिहिलं आणि नंबर लावला.

"नविन, सकाळी मोठा धक्का बसला रे. फडताळातली भांडी पडली."

 

"हो बाबा, बातम्यांत पाहिलं मी. तुम्हालाच फोन लावणार होतो."