द्वारपालाचा चमचा

एका गाजलेल्या कादंबरीतला द्वारपाल कानामागे चमचा खोचून फिरायचा. असल्या खुळचट तपशिलांवर जीव टाकणाऱ्या वाचकांची तिला कीव यायची, तरी टॅबलेटवर ती त्यांच्यासाठीच चित्रं काढायची.

"चमचा डाव्या कानामागे हवा," एका वाचकाने तिच्या चित्राखाली लिहिलं.

"आला मोठा अक्कल पाजळायला!" म्हणत तिने चित्र आरशासारखं उलटवायचं बटण दाबलं.

दरवाजा या बाजूचा त्या बाजूला गेला, कंदील गेला, पायरीवरचं मांजरही गेलं. द्वारपाल तेवढा जागचा हलला नाही. तिने पुन्हा दाबलं. चमचा त्याच कानामागे. पण आता द्वारपाल तिच्याकडे बघून हसत होता, अगदी तिच्यासारखं, तुच्छतेने.

"भिकार ॲप!" तिने तिसऱ्यांदा दाबलं. स्क्रीनवर काहीच उलटलं नाही.

चहा घेऊन आलेला भाऊ दारातच थबकला.

"ताई, तुझा तीळ उजव्या गालावर होता ना?"