मनगटातली चिप

ड्रिलचा चाप ओढताना गोरखची तर्जनी आधी नखाशी पांढरी पडे, मग गार होई आणि शेवटी बधिर. टोळीत नाव असलेल्या माणसाला पिस्तूल चालवता येऊ नये म्हणून कायद्याने त्याच्या मनगटात चिप बसवली होती. ड्रिल आणि पिस्तूल यांतला फरक तिला कळत नसे. चिपची मुदत संपली, तरी ती काढायची तारीख गोरख टाळत राहिला. आज बायको सरलाच त्याला दवाखान्यात घेऊन आली.

"भोकं पाडते मी आणि मिस्त्री म्हणून मिरवतात हे," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "काढून टाका एकदाची."

डॉक्टर हसल्या. त्यांनी त्याच्या मनगटावर यंत्र टेकवलं आणि पडद्याकडे बघत राहिल्या.

"काल रात्रीही चिप चालू झाली होती. काम करत होतात?"

"झोपलो होतो."

"आणि परवा?"

"तेव्हाही."

रोज सकाळी त्याचं बोट गार का लागतं, हे सरलाने कधी विचारलं नव्हतं.

"स्वप्नात कोण दिसतं हो?" आज तिने विचारलं.

"ज्याला मारला, तोच. माझ्यापुढे पळत असतो. मी चाप ओढायला जातो, तर बोट बधिर होतं आणि तो निसटतो."

गोरखने हात मागे घेतला.

"राहू द्या, मॅडम. चिप काढू नका."