पुढचं टोक

भट्टीचं तोंड उघडलं आणि मालक रावसाहेबांनी बोट रोखलं. “पुन्हा सांगतो, जोतीराम. आज पाहुणे आलेत. आरडाओरडा केलात तर खबरदार!”

जोतीरामच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. सोलापूरच्या त्या लोखंडाच्या कारखान्यात वितळलेल्या लोखंडाचा डोल दोघांनी वाहायचा. दांड्याच्या पुढच्या टोकाला एक गडी, मागच्या टोकाला दुसरा, मधे धगधगता डोल. पुढचा डोलाकडं तोंड करून उलटा चालणार, त्याला मान वळवायची सोय नाही. म्हणून मागच्यानं साद घालायची, ‘चल… उजवीकडं… खड्डा हाय… थांब’, आणि पुढच्यानं ‘व्हय’ म्हणायचं. ही रीत कुणी शिकवली नव्हती. ज्याला आपले पाय हवे होते तो आपसूक शिकला.

रावसाहेबांना मात्र त्या सादेची लाज वाटे. मुंबईचा कुठलासा बडा कारखाना बघून आले आणि म्हणाले, तिथले गडी हूं की चूं करत नाहीत. अहो, तिथं डोल साखळीला टांगून नेतात, ते नाही दिसलं डोळ्यांना! साखळी आणायची तर खर्च येतो. गड्यांची तोंडं फुकटात बंद होतात. झालं, साद बंद.

आठवडाही लोटला नाही, तोवर बिरप्पाचा पाय खड्ड्यात गेला आणि डोल हिंदकळून लोखंड त्याच्या पायांवर सांडलं. जन्मभर पुढचं टोक धरलेला बिरप्पा, भवानी पेठेत खाटेवर पडलाय आता. आणि मालकांनी काय करावं? वेंधळा म्हणून त्याला कामावरूनच काढून टाकलं! “माणूस तरी पाठवायचं व्हतं की, जिता हाय का मेला बगायला,” बिरप्पाची बायको केराबाई काल म्हणाली. जोतीरामला तिच्याकडं बघवेना.

आज पुढं श्रीमंत नावाचा करमाळ्याकडचा नवाकोरा गडी होता. उसाच्या चरकाचं मोठं चाक ओतायचं होतं. ज्यांचं चाक ते पाहुणे रुमाल नाकाला लावून साच्यापाशी उभे होते. लोखंड एका दमात साच्यात पडलं तर चाक, नाहीतर भंगार.

दोघांनी दांडा उचलला. श्रीमंतनं पहिलं पाऊल टाकलं. भात्याचा घरघराट एवढा, की स्वतःचा श्वास ऐकू येईना. आणि पुढं तोच खड्डा. मेल्यांनी अजून बुजवला नव्हता!

“थांब!” जोतीराम गरजला. “ठेव खाली! ठेव!”

डोल खाली टेकला. रावसाहेब लालबुंद होऊन धावत आले.

“काय सांगितलं होतं मी? उचला आधी! लोखंड निवेल!”

“निवू द्या.”

“अरे, हे चाक गेलं तर पुन्हा कोण काम देणार आहे आपल्याला? कारखाना बसेल. तुझ्या पोराबाळांचा तरी विचार कर!”

“आपल्याला व्हय? बिरप्पा आपल्यातला नव्हता?”

“त्याचं आत्ता काय काढलंस? उचल म्हणतो ना!”

श्रीमंत घाबरून वाकला. जोतीरामनं त्याचा दंड धरून त्याला बाजूला ओढलं. मग तो परत मागं गेला, आपलं टोक दोन्ही हातांनी पकडलं आणि पुढच्या मोकळ्या टोकाकडं मान हलवली.

“या, रावसाहेब. पुढं तुमी धरा. मी मागनं येतो. तोंडातनं चकार शबूद काढणार न्हाय.”

भाता थांबला. रेती वाहणाऱ्या बाया पाट्या डोक्यावर घेऊनच उभ्या राहिल्या. पाहुण्यांनी नाकावरचा रुमाल काढला आणि तेही रावसाहेबांकडं बघू लागले.

रावसाहेब पुढं झाले. धोतराचा सोगा खोचला. दांड्याला हात घातला. मग त्यांची नजर खाली, आपल्या पायांवर गेली, आणि तिथंच राहिली.

डोलातल्या लोखंडावर काळी साय धरू लागली होती.