आयझॅकचं मत

"ग्रेव्हली की क्रेन? मोठ्यानं बोला, आजोबा!" शेरीफने दटावलं.

"क्रेन!" म्हातारा खणखणीत ओरडला आणि कोर्टाच्या आवारात हशा पिकला.

दोन्ही उमेदवार टेबलामागे सगळ्यांसमोर बसले होते. व्हर्जिनियाची रीतच तशी. ज्याला मत मिळेल त्याने उठून आभार मानायचे, दुसऱ्याने मुकाट्याने गिळायचं. लेम्युएल ग्रेव्हली सकाळपासून गिळत होता. हा म्हातारा तर त्याचीच रम ढोसून आला होता. आता दोघांची मतं बरोबरीत आली होती आणि शेरीफ मतदान आवरायच्या बेतात होता.

देश नवा झाला तेव्हापासून ग्रेव्हली काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, होता. राजधानी फिलाडेल्फियात लोक त्याला टोपी काढून वाट देत. ती खुर्ची गेली तर आपण कोण, हे त्याला सांगता आलं नसतं. घरी तो पाहुण्यासारखा कधीतरी येई आणि येईल तेव्हा सगळ्यांना धारेवर धरी. या खेपेला गावाला पाजायला रमची पिंपं हवी होती, म्हणून त्याने ज्यूबाला विकून टाकलं. ज्यूबा म्हणजे त्याच्या बायकोला, हॅनाला, लहानाचं मोठं करणारी गुलाम दाई. हॅना त्यावर चकार शब्द बोलली नाही. तिला पटलं असणार, असं तो धरून चालला.

गर्दीतून त्याचा मुलगा आयझॅक पुढे आला. ज्यूबा गेल्यापासून त्याने बापाशी बोलणं टाकलं होतं. संपलं सगळं, ग्रेव्हलीला वाटलं.

"मत कोणाला?" शेरीफने विचारलं.

"लेम्युएल ग्रेव्हली."

एकच गलका झाला. क्रेनचा चेहरा खर्रकन उतरला. ग्रेव्हली धडपडत उठला. आभार मानायचं सोडून त्याने पोराचे दोन्ही हात घट्ट धरले. इतकं बरं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"मला वाटलं, तू मला मनातून पार काढून टाकलंस रे."

"मी येणारच नव्हतो. आईनं पाठवलं."

"हॅनानं?" ग्रेव्हलीचे डोळे भरून आले. "काय म्हणाली ती?"

आयझॅकने आपले हात सोडवून घेतले.

"म्हणाली, त्यांना निवडून दे. हरले तर कायमचे घरी येतील."