शेवटचं क्रियापद

भाषा केंद्रात हर्षलाच्या डोक्यात एकेक इंग्रजी क्रियापद बसवलं जात होतं, आणि प्रत्येकासाठी त्याच अर्थाच्या मराठी क्रियापदाला कायमची जागा सोडावी लागत होती. आता फक्त 'वेट', म्हणजे 'थांब', राहिलं होतं. ते झालं की ती मस्कतच्या इस्पितळात नर्स म्हणून जाणार होती. मराठी शब्द खरंच गेला का, हे घरच्या माणसानेच हाक मारून तपासायचं, असा केंद्राचा नियम होता.

"मालनताई, ती दाराकडे निघाली की म्हणा," केंद्राच्या खोत मॅडम हर्षलाच्या आईला म्हणाल्या.

"थांब, बाय," मालन म्हणाली. हर्षला थबकली.

"नापास. शब्द अजून गेला नाही. पुन्हा बसवू या," मॅडम म्हणाल्या.

"आये, तुझा लाडिक आवाज!" हर्षला कुरकुरली. "आता कोरडा आवाज. माझी नोकरी, आये!"

महिन्याभरापासून ती अशीच बोलत होती, क्रियापदांशिवाय, उरलेले शब्द जोडून. मालनला आठवलं, दीड वर्षांची ही पोर बंदराच्या धक्क्यावरून थेट पाण्याकडे धावायची, तेव्हा 'ये'च्याही आधी हाच शब्द शिकवला होता.

अर्ध्या तासाने हर्षला पुन्हा दाराकडे निघाली. मालनने कोरड्या आवाजात म्हटलं, "थांब."

हर्षला चालत राहिली.

"पास! झालं, ताई. विमानतळाची गाडी उभीच आहे," मॅडम म्हणाल्या.

मालन उंबऱ्याशी धावली आणि ओरडली, "थांब गं, बाय! थांब!"

हर्षलाने वळून पाहिलं. आई आशीर्वादच देत असणार, असं वाटून तिने हसत हात हलवला आणि ती गाडीत बसली.