गुरुवारचं मौन

सावनेर मागे पडलं तरी कामिनीच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं नव्हतं.

वाक्य तयार होतं. नागपूरच्या प्रताप नगरातल्या घरात पोळ्या लाटता लाटता तिने ते महिनाभर घोटलं होतं. "आई, आम्ही धरमपेठेत वेगळं राहायला जातोय." मुहूर्त मात्र नवऱ्याने, पुष्करने काढला होता. सहल पचमढीची आणि वार गुरुवार. गुरुवारी त्याच्या आईचं, यमुताईंचं मौन असायचं, दिवे लागेपर्यंत.

"तू सांग. तिला उलटून बोलता येणार नाही," तो म्हणाला होता.

"आई तुझी आहे."

"म्हणूनच तर तुला सांगून राहिलो."

आता तो गाडी चालवत होता आणि आरशात बघायचं कटाक्षाने टाळत होता. शेजारी नूपुर, त्यांची मुलगी, कानात इअरफोनची बोंडं घालून झोपली होती. गाडीत एसी होता, म्हणजे त्याचं बटण होतं. खिडकीतून मे महिन्याची हवा भट्टीतून आल्यासारखी येत होती. मागच्या सीटवर कामिनीशेजारी यमुताई चेहऱ्याला पांढरा दुपट्टा गुंडाळून, वर मोतीबिंदूचा काळा चष्मा लावून बसल्या होत्या.

एरवी मौनातही त्या गप्प नसत. भुवया बोलत. भाजीत मीठ कमी असलं की उजवी वर जाई, जास्त असलं की डावी. आज दोन्ही दुपट्ट्याआड. कामिनीने तीनदा घसा साफ केला. तिन्ही वेळा सासूबाईंनी पाण्याची बाटली पुढे केली.

सौंसर गेलं. छिंदवाडा गेलं. रान संपत नव्हतं आणि कामिनीला धीरही होत नव्हता.

परासियाच्या पुढे, घाटाच्या तोंडाशी, चहाची टपरी लागली. सगळे उतरले. टपरीसमोर पाच गाड्या, त्यातल्या चार, यांचीही धरून, पांढऱ्या. पाचवीही धुतली असती तर पांढरीच निघाली असती. नागपूरचं सगळं बाईमाणूस तिथे पांढरे दुपट्टे गुंडाळून, काळे चष्मे लावून उभं होतं. उन्हाळ्यात नागपुरात बाई ओळखायची ती चपलेवरून.

कामिनी थर्मास भरून परतली तोवर सासूबाई मागे बसूनही गेल्या होत्या. मान खिडकीला टेकलेली, डोळा लागलेला.

"बसले सगळे?" पुष्करने विचारलं.

"बसले. चल."

गाडी निघाली तसा मागून टाळ्यांचा आवाज आला.

"माकडं हाकलून राहिले," पुष्कर म्हणाला, आणि घाट सुरू झाला.

तिसऱ्या वळणावर मोबाइलची रेंज गेली. कामिनीने पिशवीतून लिंबू काढून तयार ठेवलं, कारण घाटात यमुताईंना हमखास उलटी व्हायची. आज काही झालं नाही. मौनाचं पुण्य असावं. त्या जाग्या झाल्या, इकडेतिकडे बघितलं, काही बोलायला म्हणून मान वळवली.

हीच वेळ, कामिनीला वाटलं. नाहीतर कधीच नाही.

"आई, तुम्ही बोलू नका. मीच बोलते," ती म्हणाली. "आम्ही धरमपेठेत वेगळं राहायला जातोय."

पुष्करने गाण्याचा आवाज वाढवला.

सासूबाई हलल्या नाहीत. मग कामिनीला थांबताच येईना. नऊ वर्षांचं साचलेलं, घाटातून सुटलेल्या ट्रकसारखं निघालं. "राग नाही हो तुमचा. थकले मी. घरात माझं म्हणून एक कपाट नाही. मी माहेरी फोनवर बोलले की तुम्ही टीव्ही बंद करता. माझ्या भाजीत तुम्ही मीठ चाखून नाही टाकत, आधी टाकता आणि मग चाखता. मला एकदा, एकदाच, अळणी भाजी माझ्या हातची म्हणून खायची आहे."

डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा तिने मान खाली घातली. सासूबाईंच्या पायात बक्कलवाल्या नव्या चपला होत्या. सहलीसाठी घेतल्या असतील, आपल्याला न दाखवता. तेही लागलं.

आणि मग नऊ वर्षांत झालं नव्हतं ते झालं. तो सुरकुतलेला हात पुढे आला. त्याने कामिनीचा हात धरला, थोपटला. काळा चष्मा हळूहळू वर-खाली झाला. हो. जा.

कामिनीने हुंदका दिला. "मला वाटलं होतं तुम्ही समजूनच घेणार नाही, आई."

हात आणखी घट्ट झाला. तिने फुटाण्यांची पुडी पुढे केली. गुरुवारचा उपास असून सासूबाईंनी दुपट्टा किंचित उचलून मूठभर खाल्ले. आता सगळं शक्य होतं. पुष्करने पहिल्यांदा आरशात बघितलं आणि त्याचे खांदे वीतभर खाली आले.

तामिया आलं. डोंगर उघडे झाले, वारा गार झाला, रेंज परतली. गाडीच्या स्पीकरवर फोन खणखणला. पुष्करने बटण दाबलं.

"काहून रे पुष्कर!" अख्ख्या गाडीत यमुताईंचा आवाज घुमला. "टाळ्या वाजवून वाजवून हात सुजले माझे! तुझ्यापायी मौन मोडलं! आईला टपरीवर सोडून जातात का रे? आणि इथे एक बिचारी पोरगी धाय मोकलून रडून राहिली, तिची सासू हरवली म्हणून!"

पुष्करने करकचून ब्रेक लावला. कामिनीचा हात अजून त्या हातातच होता.

दुपट्टा सुटला. आतून एक गोल, अनोळखी, कुहीकडच्या खेड्यातला चेहरा निघाला.

"रडून राहिली? मायी सून?" म्हातारीने विचारलं. मग ती सीटवर मांडी घालून बसली आणि पुडीतले उरलेले फुटाणे तळहातावर घेतले. "रडू द्या तिले जराशीक. तू सांग वं बाई, त्या मिठाचं काय म्हनत होती?"