भरल्या ट्रकची चाचणी

ट्रक चौकात आला तो मुंगीच्या पावलांनी. सिग्नल हिरवा होता, आडव्या रस्त्यावर पोलीस गाड्या अडवून उभा होता, तरी भाऊजींचा पाय ब्रेकवरून निघत नव्हता.

"वरात काढलीय का?" खात्याचा ड्रायव्हर कडेच्या दगडावरून म्हणाला. खरं तर चाचणीचा ट्रक त्यानेच चालवायचा. सिग्नलच्या इंजिनियरने त्याला हातापाया पडून बाजूला बसवलं होतं आणि 'आमच्याकडे माणूस नाही' असं खोटंच सांगून बहिणीच्या नवऱ्याला आणलं होतं.

इंजिनियर खिडकीशी गेला. "भाऊजी, असं नाही चालणार. वळणापाशी रस्त्याखाली तारा पुरल्यात. भरलेला ट्रक जोरात आला, की त्यांना कळतं. मग तो पार होईपर्यंत हिरवा जात नाही."

"आणि गेला तर?"

"तर माझी नोकरी गेली."

भाऊजी हसले नाहीत. पूर्वी याच चौकात भरला ट्रक आणताना त्यांच्या तोंडावर पिवळा पडला होता. थांबायला अंतर नव्हतं, निघून जायला वेळ नव्हता. आडवा आलेला दुचाकीवाला जागीच गेला. कोर्टाने त्यांना सोडलं. पण तेव्हापासून त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. ताई शिलाई मशीनवर घर रेटत होती.

"वळवून आणतो," ते म्हणाले.

या खेपेला ट्रक लांबूनच गर्जत आला. आडव्या रस्त्यावर खात्याची जीप मुद्दाम उभी केली होती. तिला वाट द्यायची वेळ झाली. आता हिरवा जायला हवा होता. हिरवा हलला नाही. ट्रक धडधडत पार झाला आणि मगच पिवळा पडला.

पुढे जाऊन ट्रक कडेला थांबला. इंजिनियर धावत पोचला. भाऊजींचे हात स्टिअरिंगवरच होते.

"एवढाच वेळ," ते म्हणाले. "तेव्हा एवढाच वेळ हवा होता."

तेवढ्यात मागून खात्याचा ड्रायव्हर आला आणि त्याने दाराला हात घातला. "उतरा आता. परत मी नेतो."

भाऊजींनी दार आतून धरून ठेवलं.

"तू पलीकडून चढ."